नाथाची डावी, रंभाची एकुलती एक

ऐका जरा, मी किडनी बोलतेय. जन्माने नाथाची, डाव्या बाजूची. सध्याचा मुक्काम मात्र त्याच्या बायकोच्या, रंभाच्या पोटात. शाळेच्या पुस्तकात मला मूत्रपिंड म्हणतात, पण ते नाव ऐकलं की लोक नाक मुरडतात. म्हणून मी आपली किडनीच म्हणवून घेते.

त्या हृदयाचे केवढे लाड! जरा धडधडलं की लोक त्याच्यावर गाणी रचतात. आम्ही दोघी बहिणी पाठीशी, बरगड्यांच्या आडोशाला बसून दिवसरात्र राबायचो, पण आमच्यावर कुणी साधी ओळ लिहिली नाही. जाऊ दे. आपल्याला कामाशी मतलब.

काम म्हणजे रक्त गाळायचं. नाथा ठाण्याजवळच्या दिवा गावचा कोळी. बापजाद्यांपासून खाडीत होडी, त्यामुळे जाळं काय चीज असते ते मला जन्मापासून ठाऊक. माझ्या आत दहा लाखांच्या आसपास बारीक बारीक जाळी आहेत, डोळ्यांना न दिसणारी. रक्त त्यांच्यात जोराने शिरतं. रक्तातल्या पेशी आणि प्रथिनं मोठी, ती जाळ्यातून निसटत नाहीत. पाणी, मीठ, साखर आणि शरीराचा कचरा मात्र खाली उतरतो.

आता तुम्ही म्हणाल, अगं बाई, मग पाणी आणि साखरही गेली की! तर खरी हुशारी पुढेच आहे. प्रत्येक जाळ्याखाली एक लांब, वळणावळणाची नळी असते. त्या नळीत मी कामाचं तेवढं वेचून रक्तात परत पाठवते. साखर सगळी परत, मीठ हवं तेवढंच परत, आणि पाण्याच्या शंभर भागांतले नव्याण्णव भाग परत. उरतो तो कचरा आणि थोडं पाणी, तीच लघवी. दिवसभरात आम्ही दोघी दीडशे लिटरहून जास्त पाणी गाळायचो आणि बाहेर सोडायचो जेमतेम दीड-दोन लिटर. आहे कुणाची टाप?

नाथा भर उन्हात वल्हं मारून घामाने निथळायला लागला, की मेंदूकडून निरोप यायचा, पाणी सोडू नकोस. मी लगेच हात आखडता घ्यायचे. घरी येऊन त्याने सुक्या बोंबलाची चटणी हाणली आणि वर तांब्याभर पाणी ढोसलं, की जास्तीचं मीठ आणि पाणी मुकाट बाहेर काढायचं. शिवाय रक्तदाबावर नजर ठेवायची, हाडांच्या आत नवं रक्त तयार करा म्हणून सांगावा धाडायचा. नाथाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्या लेखी मी नव्हतेच.

रंभाला मी आधी नुसती ऐकून ओळखायचे. काय खणखणीत आवाज! डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूला एका बाजारात ती मासळी विकायची. पहाटे घोटभर चहा घेऊन निघायची, आणि दुपारी घरी येईपर्यंत पाण्याला शिवायची नाही. का? तर बाजारात बायकांना लघवीला जायला जागाच नाही. पहिल्यांदा टोपली डोक्यावर दिली तेव्हाच सासूने बजावलं होतं, "बाजारात पानी पिवाचा नाय. पिशील तर टोपली कुनाच्या जिवावर सोडून जाशील?" तिथल्या सगळ्याच बायका असंच करायच्या. बसून बसून कंबर दुखली की औषधवाल्याकडून एक गोळी आणून गिळायची. तीसुद्धा कोरडीच.

बायांनो, आमच्या जातीला सगळ्यात जास्त काय मारतं म्हणाल, तर साखर आणि रक्तदाब. पण वर्षानुवर्षं पाण्यावाचून ठेवायचं आणि वरून दुखण्याच्या गोळ्यांचा मारा करायचा, हाही आमचा गळा घोटायचाच प्रकार. रंभाच्या दोघींनी किती वर्षं काढली असतील तशी! एक दिवस तिचे पाय सुजले, तोंड सुजलं, जेवणाचा वास नकोसा झाला. तपासलं तर दोघी जवळजवळ गेलेल्या.

मग सुरू झालं डायलिसिस. कपाटाएवढं मशीन, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत. नावं नाही ठेवत मी मशीनला, त्याच्यामुळेच रंभा जगली. पण मशीन काही रोज पोटात बसून पाणी काढत नाही, त्यामुळे पाणी प्यायचं मोजून. दिवसाला दोन-तीन फुलपात्रं, बस्स. एकदा जास्त प्यायली तर पाणी छातीत भरलं आणि श्वास लागून मरता मरता वाचली. तेव्हापासून तिने पाण्याची अशी धास्ती घेतली, की तांब्या दिसला तरी मान फिरवायची. जीभ सुकली की बर्फाचा खडा चोखायची.

एके दिवशी नाथा डॉक्टरीणबाईंसमोर बसून म्हणाला, "माजी एक काढा नि तिला द्या." मी आत ताठच झाले. आमची तपासणी झाली. रक्त जुळलं, बाकीचंही जुळलं. घरी मात्र हलकल्लोळ. नाथाचा थोरला भाऊ परशुराम तणतणत आला.

"याड लागलं काय तुला? बायका देतात नवऱ्याला. नवरा बायकोला देतो, असं कंदी आयकलंस?"

"आता आयक," नाथा म्हणाला.

रंभाही कमी नव्हती. "मना नको. होडीवर तुमाला काय झायलं तर मी काय करू?"

"डॉक्टरीण बोलली, एकीवर मानूस झकास जगतो. आता तोंड बंद कर रंभे."

एवढंच. ना मोठे शब्द, ना डोळ्यांत पाणी. त्या माणसाच्या पोटी मी जन्मले याचा मला तेव्हा काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

ठाण्याच्या एका मोठ्या इस्पितळात आम्हाला वेगळं केलं. बहिणीचा निरोप घेतानाही बोलायला सवड नव्हती. मला बर्फात ठेवलं, तिथे मी पांढरीफटक पडले. मग रंभाच्या पोटात, पुढून उजवीकडे, कमरेच्या खोबणीत मला बसवून शिरा जोडल्या. चिमटे काढले आणि तिचं गरम रक्त माझ्यात घुसलं. गुलाबी झाले की हो मी! सगळे डॉक्टर माझ्याकडे टक लावून उभे. आणि तिथेच, टेबलावरच, माझ्यातून लघवीचे थेंब टपकायला लागले. एवढी मोठमोठी माणसं, पण ते थेंब बघून लहान पोरांसारखी खूश झाली.

रंभाच्या जुन्या दोघी अजून पाठीशी होत्या. त्यांना काढत नाहीत, तिथेच राहू देतात. वाळून सुपारीएवढ्या होत आल्या होत्या बिचाऱ्या. मी नवी, तालेवार घरची, जरा तोऱ्यातच आले होते. पण त्यांची दशा पाहिली आणि माझा तोरा उतरला. मला नाथाने तांब्या तांब्या पाणी पाजलं होतं. या दोघींनी तहानेत संसार ओढला, लेकीच्या वेळचं बाळंतपणही निभावलं. मी मनोमन त्यांच्या पाया पडले.

दक्षता ही नाथा-रंभाची एकुलती लेक, कल्याणला नोकरी करणारी. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी तिलाच बजावलं, "आता उलटं. दिवसाला तीन लिटर पाणी, उकळून गार केलेलं. नवी किडनी कोरडी पडता कामा नये." दक्षताने आईसाठी मोठी बाटली आणली. नाथा दिव्यात रांग लावून पाणी भरायचा, उकळायचा आणि बाटली भरून रंभाच्या हातात द्यायचा. पहिलं वर्ष तो समोरच बसलेला, त्यामुळे रंभा नाक दाबून प्यायची.

वर्षाने डॉक्टरीणबाईंनी मास्क लावून थोडा वेळ बाजारात बसायची परवानगी दिली. बाई काय खुलली! पण जागा तीच, शेजारीण कांता तीच, आणि जायला सोय नाही तीही तशीच. वर पाण्याची जुनी धास्ती. मग तिने काय करावं? नाथाने उकळून, गाळून दिलेलं ते पाणी तिने टोपलीतल्या बोंबलांवर शिंपडलं! घरी रिकामी बाटली दाखवायची. नाथा खूश, बोंबील ताजेतवाने, आणि मी आत कोरडी ठणठणीत.

मी काय काय केलं नाही! थेंब न् थेंब परत ओढला. लघवी पिवळीजर्द केली, म्हटलं रंग बघून तरी हिला कळेल. मेंदू तहान तहान म्हणून ओरडत होता. पण तहान मारायची हिला इतकी सवय, की ऐकतंय कोण? कचरा रक्तात साचू लागला. तपासणीत त्या कचऱ्याचा आकडा चढला, पुढच्या वेळी आणखी चढला.

"पाणी पिता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पिते की," रंभा म्हणाली.

"रोज बाटली रिकामी आनते, मी स्वतः बघतो," नाथाने साक्ष दिली.

"मग शरीर किडनी नाकारतंय का ते पाहावं लागेल. आत सुई घालून तुकडा काढू. असंच चढत गेलं तर पुन्हा मशीनवर जावं लागेल."

बाहेर बाकावर दोघं बसले. दुपारची वेळ, दक्षता औषधं आणायला गेलेली. नाथा खाली बघत म्हणाला, "रंभे, मना माफ कर. मी तुला खराब माल दिला."

मी आणि खराब? रागाने माझा तिळपापड झाला! पण त्याचा आवाज ऐकला आणि रागच निवला. आयुष्यभर ताजी मासळी आणून देणारा माणूस, बायकोला शिळं दिलं या शरमेने रडत होता.

रंभाच्या छातीतलं ते लाडकं हृदय असं आपटलं, की मला इथे खाली हिसका बसला.

"अवं, रडू नका," ती म्हणाली. "तुमचा माल चांगला हाय. गिऱ्हाईक वाईट हाय. पानी मी बोंबलांवर ओतलं वं."

नाथाने वर पाहिलं. ओरडेल असं मला वाटलं होतं. त्याने नुसती बाटली उघडून तिच्यापुढे धरली, आणि रंभा घटाघट प्यायली. दक्षता आली, सगळं ऐकून कपाळावर हात मारत म्हणाली, "आई, तू ना, कमाल आहेस!" आणि तशीच डॉक्टरीणबाईंना सांगायला आत पळाली. सुई लांबली. आठवडाभर पाणी पाजून बघायचं ठरलं.

आठवडाभर घरी पाणी मिळालं, आकडा उतरू लागला. पण खरी परीक्षा बाजारातली. परवा रंभा पुन्हा टोपली घेऊन बसली आणि सगळ्यांदेखत अर्धी बाटली रिचवली. कांता बघतच राहिली. "अगं, आता जाशील कुठं?"

रंभा उठली. बाजाराला लागून बँकेची इमारत आहे, थेट तिच्या दारात.

वॉचमनने हात आडवा घातला. "मावशी, टॉयलेट पब्लिकसाठी नाय आहे. फक्त स्टाफ."

"मी माझ्यासाठी नाय आयले," रंभा त्या खणखणीत आवाजात म्हणाली. अख्ख्या बाजाराने माना वळवल्या. "माझ्या पोटात माझ्या नवऱ्याची किडनी हाय. तिला जायचंय. तिला अडव, बघू!"

वॉचमन बिचारा एक पाऊल मागे सरला. हात खाली आला. आत जाताना रंभाने मागे पाहिलं. कांता टोपलीवर फडकं टाकून पाठोपाठ आली होती, आणि तिच्यामागे आणखी तिघीजणी.

"तुमच्या पोटात कोन हाय?" वॉचमनने विचारलं.

"आमच्या आमच्याच हायत," कांता म्हणाली. "त्याबी तहानेल्याच."

बरं, येते मी. रंभा आत्ताच पेलाभर पाणी प्यायलीय, मला काम आलं. तुमच्या पाठीशी बसलेल्या दोघींना पाणी पाजा, आणि तुमच्या दाराशी कधी एखादी बाई जरा जायचंय म्हणून आली, तर हात आडवा घालू नका. ती एकटी आलेली नसते.