झाकण उघडायच्या आधी

मी एक कढई. वय चव्वेचाळीस, रंग विचारू नका. आणि सुरुवातीलाच कबूल करते, अक्कल बेताची. चांगली बारा वर्षं मी अशा समजुतीत होते की एकी-आर्चा या आमच्या डोंगरी गावाचा कारभार सुरळीत चाललाय तो माझ्या मटणामुळे. लोक भुवया चढवून सभेला यायचे आणि ढेकर देत घरी जायचे. मला वाटायचं, बघा, मी आहे म्हणून गावात भांडण नाही. भांडण का नाही, हा प्रश्न काही माझ्या डोक्यात आला नाही. डोकं म्हणजे तरी काय, झाकणच.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात वितळलेलं बीड ओतलं आणि मी झाले. ओतणाऱ्याचं लक्ष बहुतेक जेवणाच्या सुट्टीकडे असावं, कारण माझा डावा कान वाकडा आला. एका ट्रकमधून, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांबरोबर, डोंगर चढून मी इथे पोचले. तेव्हा शेतं, मेंढ्या सगळं सामायिक होतं. लोकर कातरणाऱ्या चाळीस माणसांना मी एका दमात जेवू घालायचे. बायका म्हणायच्या, "हिच्यात एक वासरू पोहेल." मी लाजायचे, पण आवडायचं.

मग ते सामायिक शेत मोडलं. मेंढ्या वाटल्या, ट्रॅक्टर वाटले, कुणीतरी कचेरीच्या खिडक्यासुद्धा नेल्या. मी मात्र राहिले. माझ्यावर प्रेम होतं म्हणून नव्हे. एकट्याला उचलता येत नव्हतं, आणि दुसऱ्याला मदतीला बोलवावं तर तोच नेईल अशी भीती. एक अख्खा हिवाळा मी उपडी पडून होते, पोटाखाली कुणाच्या तरी कोंबड्या. असो. तर अशी मी गावाचीच राहिले. लग्न असो, बारसं असो, मयत असो, ज्याला हवी त्याने न्यायची आणि घासून परत आणायची.

आमच्याकडे मेंढीचं प्रत्येक हाड नेमलेलं आहे. डोकं कुणाला, खुब्याचं कुणाला, नळीचं कुणाला, हे वयावर आणि मानावर ठरतं. त्यात चूक झाली तर माणूस जागच्या जागी हसून घेतो आणि पुढची वीस वर्षं बोलत नाही. दोन सख्खे चुलतभाऊ एका नळीच्या हाडावरून नऊ वर्षं अबोला धरून आहेत. मी साक्षीला होते, नळी माझ्यातलीच.

आणि जेवण संपलं की सगळ्यांत ज्येष्ठ माणूस दोन्ही तळवे वर करतो, दुवा मागतो, आणि सगळे तळवे चेहऱ्यावरून खाली फिरवतात. झालं. त्यानंतर कुणी विषय काढायचा नाही. चहाचा कप अर्धा राहिला तरी उठायचं.

आमचा गावप्रमुख एर्नाझार. तसा वाईट माणूस नाही, हसतमुख आहे, लहान पोरांची नावं लक्षात ठेवतो. वर्षातून एकदा, कर किती गोळा झाला आणि कुठे खर्चला हे गावापुढे वाचून दाखवायचं, असा कायदा आहे. बारा वर्षांपूर्वी त्याने पहिल्यांदा त्या सभेला मेंढी कापली. लोक लांबून येतात, उपाशी कसे जातील, म्हणाला. तेव्हा खरंच मायेने केलं असणार. पण मग त्याला त्यातली सोय कळली. तो तीन पानं भराभरा वाचायचा, खिडकीतून माझा वास आत जायचा, लोकांचं लक्ष कानातून नाकात उतरायचं. मग हाडं, मग दुवा, मग घर. कचेरीतली नुरीपा दर वर्षी कागदावर एकच ओळ लिहायची, ‘प्रश्न आले नाहीत.’

या वर्षी मात्र गाठ सायरागुलशी होती.

सायरागुल म्हणजे माझी मालकीणच म्हणा. गेली पंधरा वर्षं गावाचा स्वयंपाक तीच करते. मला घासताना ती सगळं सांगते, कारण मी मध्ये बोलत नाही. शरद लागला आणि तिचा हात जड झाला. राख घेऊन घासायची ती नुसती मला खरवडूनच काढायची.

झालं होतं असं. तिचा नवरा मुकाश गवताची गाडी घेऊन ओढ्यावरच्या पुलावरून येत होता. पूल मधोमध खचला. गाडी, गवत, घोडी, सगळं पाण्यात. घोडी वाचली. पण गावातल्या पाच ज्येष्ठांचं पंचायती न्यायालय बसलं. एर्नाझारने सांगितलं, पूल दोन वर्षांपूर्वीच दुरुस्त केलाय. आणि खरंच, तेव्हा सुतार दोन दिवस आले होते, वर नव्या फळ्या ठोकल्या होत्या, कठड्याला निळा रंग फासला होता. गावाने पाहिलं होतं. म्हणजे धडधाकट पूल मुकाशने जास्तीचा भार घालून मोडला. निकाल लागला, शुक्रवारपर्यंत पूल बांधून दे, नाहीतर घोडी गावाला दे.

मुकाश एवढंच म्हणाला, "खालून कुजका होता." पण तो बोलतो इतकं हळू की न्यायालयातल्या पाचांपैकी तिघांना ऐकूच गेलं नाही, आणि उरलेल्या दोघांना ऐकायचं नव्हतं.

"ती घोडी गेली तर आमच्याकडे राहिलं काय?" सायरागुल मला म्हणाली. "गाडी ओढते ती, दूध देते ती. आणि हे? हे नुसते उसासे टाकतात."

सभा होती गुरुवारी. शुक्रवारच्या आदल्या दिवशी.

सकाळी ती अंगणात आली. मेंढी सोललेली तयार, पाणी चढवलेलं. सरपणाला तिने ओढ्यातून वाहून आलेलं लाकूड आणलं होतं, त्याच पुलाचं. म्हणाली, "आमच्यावर पडलाय ना, मग जाळायचा हक्कही आमचाच." पण ते लाकूड पेटेना. नुसता धूर. धूर थेट कचेरीत.

"एजे!" आतून नुरीपा खोकत ओरडली; थोरल्या बाईला आमच्याकडे एजे, म्हणजे ताई म्हणतात. "दार लावून घे गं, मी मेले!"

कचेरीचं ते दार कायम सताड उघडं, भिंतीला टेकवलेलं असतं. बारा वर्षांत मी ते कधी बंद पाहिलं नव्हतं. सायरागुलने ते ओढलं. आणि दाराच्या त्या बाजूला, जी नेहमी भिंतीकडे तोंड करून असते, तिथे कागदच कागद टाचलेले.

"हे काय गं नुरीपा?"

"खर्चाचा तपशील. लोकांना दिसेल असा लावायचा नियम आहे ना."

"भिंतीतल्या लोकांना का?"

"मला सांगितलं दारावर लाव. मी लावला. दार कुठल्या बाजूचं, ते कुणी सांगितलं नाही."

सायरागुल वाचायला लागली. तिचं वाचणं सावकाश, ओठ हलवत. दोन वर्षांपूर्वीचा कागद होता. त्यात पूल होता. ‘लार्च लाकडाचे नवे वासे, अठरा. जुने काढून बसवले.’ तिने ते दोनदा वाचलं. मग खाली वाकून चुलीतून एक तुकडा ओढून काढला, विझवला आणि बोटांनी दाबला. लाकूड भिजक्या पावासारखं चुरगळलं. तिने तो तुकडा आणि दारावरून काढलेला तो कागद शालीखाली घेतला आणि दुसरीकडून वाळकं सरपण मागवलं.

मला काहीच कळलं नाही. मी उकळत होते.

सभा सुरू झाली. कचेरीला लागूनच गावाचा क्लब, त्याच्या सभागृहात सगळं गाव, खिडकी माझ्या डोक्यावर. एर्नाझारने तीन पानं वाचली. वासाची वेळ झाली होती, मटण हाडावरून सुटायला आलं होतं, मी अगदी रंगात होते. आणि सायरागुलने माझ्याखालचा जाळ ओढून काढला, झाकण घट्ट बसवलं, त्यावर दगड ठेवला.

खरं सांगते, मला अपमान वाटला. माझं नाव आहे गावात! मी झाकणाच्या फटीतून जेवढी वाफ सोडता येईल तेवढी सोडली. वासाने तरी लोकांना कळावं, मटण तयार आहे. सायरागुलने ओल्या फडक्याने फटसुद्धा बंद केली.

"गप्प बस," ती म्हणाली. "आजचा दिवस तरी."

एर्नाझार खिडकीत आला. "वहिनी, वाढायचं ना?"

"शिजलं नाही."

अर्धा तास गेला. "वहिनी?"

"शिजलं नाही."

आता तुम्हीच सांगा, एवढी माणसं उपाशी बसवलीत तर ती करणार काय? मटण नाही म्हणजे दुवा नाही, दुवा नाही म्हणजे उठता येत नाही. कुणीतरी कंटाळून विचारलं, "ते दुसऱ्या पानावर दिव्यांचं काय म्हणालास रे?" मग दुसऱ्याने कालव्याचं विचारलं. बारा वर्षांत मी पहिल्यांदा त्या खोलीत प्रश्न ऐकले. एर्नाझार घाम पुसायला लागला.

शेवटी आबाके उठले. म्हणजे अब्दीकेरिम, पण मानाने सगळे आबाकेच म्हणतात. न्यायालयाचे मुख्य तेच. काठी टेकत खिडकीशी आले. "सूनबाई, मेंढी होती की तुझ्या सासऱ्याच्या वेळचा बैल?"

सायरागुल उभी राहिली. थोरांच्या सभेत सुनेने तोंड घालायचं नसतं, हे तिला माहीत होतं. पण तिला विचारलं होतं. आणि स्वयंपाकाचंच विचारलं होतं.

"मटण झालंय, आबाके. हाडं वाटायची कशी तेवढंच कळेना. म्हणजे बघा, या गावात वीस वर्षांपूर्वीची नळी कुणी खाल्ली ते पोरासोरांना पाठ आहे. पण पुलाचे अठरा नवे वासे कुणाच्या पानात पडले, ते कुणालाच माहीत नाही. ते आधी कळू दे. मग मी वाढते."

आणि "हा त्याच पुलाचा वासा" म्हणत तिने तो कुजका तुकडा खिडकीच्या चौकटीवर ठेवला. शेजारी दारावरचा कागद.

आबाकेंनी चष्मा लावला. कागद वाचला. लाकूड दाबलं. ते त्यांच्या तळव्यावर भुगा होऊन पडलं. ते वळले, आणि एवढंच विचारलं, "एर्नाझार, पोरा, वासे कुठे आहेत?"

नेमका तेव्हाच माझ्या पोटातला एक बुडबुडा फुटला, तो सगळ्यांना ऐकू आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मेव्हण्याच्या... तबेल्याला," एर्नाझार म्हणाला. "तात्पुरते."

"तरीच!" मागून कुणीतरी म्हणालं. "परवाच्या वादळात सगळ्यांची छपरं उडाली, याच्या मेव्हण्याची घोडी झोपेतून उठलीसुद्धा नाही!"

हसू फुटलं. आबाके हसले नाहीत. त्यांनी बाकीच्या चौघांना हाक मारली आणि तिथेच, उभ्याउभ्या, न्यायालय बसवलं. म्हणाले, "आम्ही न बघता निकाल दिला. पुलाखाली एकजणही उतरला नाही. गुडघे दुखतात म्हणून. चूक आमची. मुकाशची घोडी मुकाशकडेच राहील. नुरीपा, लिही. माझ्या नावासकट लिही. आणि वासे बर्फ पडायच्या आत ओढ्यावर आले पाहिजेत, नाहीतर पुढचा कागद वरच्या न्यायालयात जाईल, तेही लिही."

मग ती तीन पानं पुन्हा वाचली गेली. ओळ न् ओळ. एर्नाझारनेच वाचली. शेवटी शेवटी त्याचा आवाजही मोकळा झाला होता, पोटात दुखणारं बाहेर पडल्यावर होतो तसा.

त्यानंतर झाकण उघडलं. मटणाचं काय झालं होतं ते सांगत नाही, चमच्याने खायची वेळ आली होती. पण हाडं बरोबर वाटली गेली. एर्नाझारलासुद्धा त्याच्या वयाचं, त्याच्या मानाचं हाड मिळालं. एक बोटभर कमी नाही. ते त्याने दोन्ही हातांनी घेतलं. मुकाशने रस्सा दोनदा मागितला, आणि या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं. मग आबाकेंनी तळवे वर केले.

पूल उभा राहिला, बर्फाच्या चार दिवस आधी. परवा घोडी त्यावरून गेली, गाडीसकट. कचेरीचं दार आता मिटलेलं असतं, आणि लोक आत जाताना, मुद्दाम नाही तरी, दोन ओळी वाचतात. सभेला मेंढी अजून कापतात. पण आधी प्रश्न, मग मी. वाट बघायला मला आता चालतं. तुमच्याकडेही माझ्यासारखी कुणी असेल, तर एवढं करा. आधी विचारून घ्या, मग खुशाल जेवा. आम्ही थोडा वेळ मंद आचेवर राहू शकतो.

त्या गुरुवारी गडबडीत जाळ ओढताना माझ्या तळाला एक बारीक चीर गेली. काल सायरागुल मला घासत होती, हात पुन्हा पहिल्यासारखा हलका. तिने बोटाने टिचकी मारली आणि मी घणघणले. खरं तर मला म्हणायचं होतं, बघ, शेवटी गाव वाचलं ते कुणामुळे? तिला बहुतेक कळलं. पंधरा वर्षं ऐकतेय ती मला.

"हो हो, तुझंही नाव गावाच्या सामानाच्या यादीत आलंय," ती राख झटकत म्हणाली. "नुरीपाने दारावर लावलीय. गावाच्या मालकीची कढई, एक. कान वाकडा. तळाला चीर. आत काही नाही."