टोचणारा ‘स’

लीलाधरने पातळ पट्टी दाराच्या पॅनेलखाली सरकवली आणि मनगटाला हलका झटका दिला. शेवटचा क्लिप सुटला. पॅनेल बाजूला टेकवून तो आत वाकला आणि स्पीकरभोवतीच्या पत्र्यावर बोटाने दोनदा ठोकलं. जाड, मेलेला आवाज आला. पत्रा थरथरू नये म्हणून आठ दिवसांपूर्वीच त्याने त्याला आतून काळी डांबरी शीट चिकटवली होती. ती कुठेच सुटली नव्हती.

“इथं काही नाही,” तो म्हणाला.

पुष्पांजली बिसेन दुकानाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. दरेकसाकडच्या एका गावात, आरोग्य उपकेंद्रात ती नर्स होती. फुलचूरच्या घरून सव्वा तास जायला आणि तेवढाच यायला. या रस्त्यासाठीच तिने ही पांढरी गाडी जुनी घेतली होती. गाडीत ती एकटीच असायची, आणि दिवसातला तेवढाच वेळ तिला कोणी हाक मारत नसे. म्हणून दोन महिन्यांपूर्वी तिने लीलाधरकडून नवे स्पीकर बसवून घेतले होते. तेव्हापासून दुरुस्तीसाठी ती आज तिसऱ्यांदा आली होती.

“मंग कुठं हाय?” तिने विचारलं.

“तुमीच सांगा, नेमकं कसं वाटते.”

“तेच त सांगून राहिली. गाणाऱ्या बाईनं ‘स’ म्हटला का कानात सुई गेल्यावानी वाटते. ‘श’ म्हटला तरी तसंच. आमगाव येऊस्तोर सहन करते, मंग बंदच करून टाकते.”

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. रोग्याने सांगितलेली लक्षणं वाचून दाखवावीत तसं ती बोलली. लीलाधरला ते जास्त लागलं. चिडलेल्या गिऱ्हाइकाला कसं शांत करायचं ते त्याला ठाऊक होतं.

पहिल्या खेपेला त्याने समोरच्या काचेच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या ट्वीटरची, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरची, तोंडं फिरवली होती. ती सरळ कानावर येत असतील तर आवाज टोचतो. दुसऱ्या खेपेला दारं उघडून शीट लावली. तारा उलट तर जोडल्या गेल्या नाहीत ना, म्हणून घड्याळाचा सेल तारांना लावून पाहिला होता. दोन्ही दारांतल्या स्पीकरचे पडदे एकदमच बाहेर उचलले गेले. सगळं बरोबर होतं. आता तिसऱ्यांदाही सगळं बरोबरच होतं.

फुलचूर रोडवर त्याच्या दुकानाला एकोणीस वर्षं झाली होती. त्याआधी तो वरातीच्या डीजेच्या गाड्यांवर होता, आणि त्याच्याही आधी, सतराव्या वर्षापासून पुढे आठ वर्षं, राइस मिलमध्ये. मिलच्या गोंगाटात माणसं हातवाऱ्यांनीच बोलायची. संध्याकाळी बाहेर पडलं की बराच वेळ कानात यंत्राचा पट्टा फिरतच राहायचा. तिथला पोरगा गाड्यांच्या आवाजातला जाणकार कसा झाला, हे लोक कौतुकाने सांगत. बालाघाटहून गाड्या त्याच्याकडे येत. तो आवाज बसवायचा, डोळे मिटून एक गाणं पूर्ण ऐकायचा, आणि मग सीटखालच्या अँप्लिफायरच्या स्क्रूंवर बायकोच्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्यायचा. ठिपका वाळला की स्क्रू हलत नसे. गिऱ्हाइकाने त्याला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम होता.

पॅनेल परत बसवून तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला. पुष्पांजलीच्या मोबाइलवरचं भजन लागलं. बाईचा आवाज, पेटी, मागे झांज. त्याने डोळे मिटले. त्याला कुठेच काही टोचलं नाही. उलट आवाजावर चादर पांघरल्यासारखी वाटली. मागच्या खेपेलाही असंच वाटलं होतं, म्हणून त्याने बारीक आवाजाचा स्क्रू अर्धा आटा वाढवून दिला होता.

“मॅडम, मले त साफ वाटून राहिलं.”

पुष्पांजली उठून गाडीजवळ आली. थोडा वेळ दारात उभी राहून तिने ऐकलं, आणि नकळत एक खांदा कानाकडे उचलला.

“असं करू भाऊ,” ती म्हणाली. “तुमी फिरवा, मी सांगते.”

“गिऱ्हाइकाच्या सांगण्यावर मी बसवत नाही जी. मंग रोज नवीन सांगतात.”

“मी एकदाच सांगन. नाही जमत म्हणता, त मी दुसरीकडं दाखवते. रागानं नाही म्हणून राहिली.”

लीलाधर गाडीतून उतरला. त्याने तिला ड्रायव्हरची सीट दिली, वळसा घालून पलीकडे गेला आणि उघड्या दारात गुडघ्यावर बसला. डाव्या सीटखाली हात घालून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने लाल ठिपका खरवडला. पापुद्रा निघून चटईवर पडला.

भजन पुन्हा सुरू झालं. त्याने स्क्रू पाव आटा मागे घेतला.

“अजून,” ती म्हणाली.

आणखी पाव आटा. त्याच्या कानाला गाणारीने तोंडावर पदर धरल्यासारखं झालं.

“अजून थोडा.”

“मजा जाऊन राहिली मॅडम यातली.”

“अजून.”

त्याने फिरवला. आता शब्द घोगरे झाले. पेटी दूर गेली, आणि एका कडव्यानंतर त्याच्या ध्यानात आलं की झांज वाजायची थांबली आहे.

“बस,” पुष्पांजली म्हणाली. तिचा खांदा खाली आला होता. डोळे मिटून तिने डोकं मागे टेकवलं. “आता बरोबर.”

“बरोबर कसं? झांज गेली ना.”

“कुठं गेली?”

“झांज. मागं वाजून राहिली होती ते.”

“वाजून राहिली न,” ती म्हणाली, आणि तिने डोळे उघडले. “आता त चांगली वाजून राहिली. कानाले लागत नाही.”

लीलाधर गुडघ्यावरून उठला, अर्धा आत वाकला आणि काचेच्या कोपऱ्यातल्या ट्वीटरला कान लावला. भजन त्याला ऐकू येत होतं, पण ते खालच्या दारातून येत होतं. या इवल्याशा स्पीकरमधून काहीच येत नव्हतं. तार सुटली असणार, असं मनाशी म्हणत त्याने स्पीकरच्या जाळीवर तर्जनीचं टोक ठेवलं.

बोटाखाली थरथर होती. बारीक, भराभर, ठेक्यात. झांजेची.

त्याने बोट उचललं नाही. भजन संपेपर्यंत तो तसाच वाकून राहिला. संपल्यावरही पुष्पांजलीने दुसरं लावलं नाही. ती त्याच्याकडे पाहत होती. उपकेंद्रात बाकावर बसलेल्या माणसाकडे पाहत असेल, तशीच.

“भाऊ, वय किती तुमचं?”

“सत्तेचाळीस.”

“कान एकदा तपासून घ्या. भिण्यासारखं काही नाही. मशीनमध्ये बसवतात, आवाज आला का बटन दाबाचं, बस.”

“हो,” तो म्हणाला.

त्याने स्क्रूड्रायव्हर पुसला. नेलपॉलिशची बाटली खिशात होती, ती त्याने काढली नाही. डॅशबोर्डचा कप्पा उघडून त्याने एक लहान स्क्रूड्रायव्हर आत ठेवला.

“ठिपका देत नाही आता,” तो म्हणाला. “कमीजास्त वाटलं त तुमीच फिरवजा.”

गाडी रस्त्याला लागली. धानाच्या पोत्यांचा एक ट्रक तिच्या पुढून गेला आणि मागे कोंड्याची धूळ उडत राहिली. लीलाधर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. समोर दोन मोटारी उभ्या होत्या. त्याने एकीलाही हात लावला नाही.

यंदा डास नाहीत, असं तो दिवाळीपासून म्हणत होता. रुख्मा, त्याची बायको, अंगणात बसली की पदराने पाय झाडत राही, आणि तो तिला हसायचा. कुकरच्या शिट्ट्या मोजायला त्याला सांगणंही तिने मध्येच केव्हातरी बंद केलं होतं. केव्हा, ते त्याला आठवेना. मग त्याने गाड्या आठवायला सुरुवात केली. गेल्या आठवड्यातली, गेल्या महिन्यातली, पावसाळ्याआधीची. कोणाकोणाचा स्क्रू त्याने वाढवून दिला होता, हे बोटांना आठवत होतं. त्यातले फारसे कोणी परत आले नव्हते. आतापर्यंत त्याला ते समाधानाचं लक्षण वाटलं होतं.

दुपारी त्याने छोटेलालला फोन लावला. छोटेलाल स्टेशनवरून प्रवासी नेणारी टॅक्सी चालवायचा. दहा दिवसांपूर्वी त्याने स्पीकर बसवून नेले होते.

“गाडी घेऊन ये एकदा,” लीलाधर म्हणाला.

“कायले जी? मस्त चालू हाय ना सिस्टिम.”

“माह्याकडून एक काम राहून गेलं.”

“मले त काही दिसलं नाही.”

“दिसाचं नाही ते. तू ये.”

छोटेलाल दुसऱ्या दिवशी सकाळी आला. गाडी दुकानासमोर लावली आणि चहाला म्हणून पलीकडच्या टपरीवर गेला. लीलाधर घराच्या मागच्या दाराशी गेला. घर दुकानाला लागूनच होतं. रुख्मा मशीनवर साडीला फॉल लावत बसली होती.

“जरा बाहेर ये,” तो म्हणाला.

“काऊन?”

“गाडीत बसाचं हाय.”

तिने मशीन थांबवलं. एकोणीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या गाडीत बसायला त्याने तिला कधी बोलावलं नव्हतं. जेवण तयार असल्याचं सांगायला ती दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत येई आणि तिथूनच परत जाई. तिने सुताचे धागे झटकले, निऱ्या सारख्या केल्या आणि त्याच्या मागून निघाली. ड्रायव्हरच्या सीटवर बसताना तिने चपला बाहेर काढून ठेवल्या.

“कशाले हात नाही लावाचा ना?”

“काही होत नाही. आरामात बस.”

तो पलीकडच्या बाजूने सीटखाली वाकला आणि त्याने लाल ठिपका खरवडला. गाणं लावलं. रुख्मा दोन्ही हात मांडीवर घेऊन समोर, काचेतून रस्त्याकडे बघत राहिली. एक कडवं झालं, दुसरं झालं. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिच्या भुवया जवळ आल्या होत्या.

“टोचून राहिलं काय?” त्याने विचारलं.

“मले काय समजते त्यातलं.”

“समजाचं काही नाही. कानाले टोचते का नाही, तेवढंच सांग.”

रुख्माने त्याच्याकडे पाहिलं. तो खाली वाकलेला, एक हात सीटखाली, तोंड तिच्याकडे करून थांबला होता.

“टोचते,” ती म्हणाली. “तुमी गाडीत गाणं लावलं का मी त मागचं दार लावून घेते. दोन-तीन वर्षं झाले असन.”

“मंग सांगतलं काऊन नाही?”

“मले वाटलं, तुमाले तसंच आवडते.”

गाणं चालूच होतं. लीलाधरने मान खाली घातली आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेत नीट बसवलं.

“मी फिरवतो,” तो म्हणाला. “तू सांग.”

रुख्मा पुढे सरकून बसली. तिने पदर कानामागे घेतला.

“अजून,” ती म्हणाली.