नदीची ओटी

"अहो, तिथं नका उभे राहू. सावली पडते, मासा बुजतो," मथुराबाई म्हणाल्या, आणि म्हणताना तोंड मुद्दाम नवऱ्याकडे वळवलं.

दिगंबर मागे सरकले. उभं आयुष्य कागद कारखान्याच्या मशीनघरात गेलेला माणूस. तिथल्या धडधडाटात कान कधीच गेले होते, पण समोरच्याचे ओठ वाचायची सवय पक्की होती, आणि तिच्या जोरावर त्यांनी निवृत्तीनंतरही सगळं झाकून नेलं होतं. मथुराबाईंना ठाऊक होतं. बाकी कुणाला नाही, असं ते धरून चालले होते. मागे मुलगा, ललित, कानाच्या मशीनविषयी बोलला तर "मला काय बहिरा समजतो का रे?" म्हणून अंगावर धावून गेले. मानी माणसाला औषध नसतं.

चांदनी गावाच्या पुढे डोंगरातून येणारी ही लहान नदी. अंडी घालायला मासे दगडांच्या उतरंडीवरून वर चढत होते; हातभर लांब, मोठमोठ्या खवल्यांचे. एखादा उसळी मारायचा, दगडावर आपटायचा, घसरून पुन्हा खाली यायचा. नात रश्मी काठावर नाचत होती.

"पापा, देखो! चढला, चढला! अरे, पडला बिचारा!"

मथुराबाईंचं माहेर दापोऱ्याचं. मासे चढू लागले की नदीला दिवस गेले असं त्यांच्या घरात मानत आणि घरची सवाष्ण तिची ओटी भरे. खण, तांदूळ, मळ्यातल्या केळ्यांची फणी. ओटी काठावरून भिरकावायची नाही, भर पाण्यातल्या दगडावर बसून हातानं सोडायची, असा दंडक. पाणी जेमतेम पोटऱ्यांपर्यंत होतं. पदर खोचून त्या मधल्या काळ्या दगडाकडे निघाल्या.

काठावर ऊन होतं, पण डोंगरावर आभाळ शाईसारखं झालं होतं. सून चारुलताचं लक्ष सारखं तिकडे जाई.

"आई, वरती लई पाऊस पडून राहिला. निघू ना आता," ती ओरडली.

"नदीची ओटी अर्धी ठेवून निघतात का, बाई? झालंच माझं."

तेवढ्यात मासे उसळायचे थांबले. एकदम. रश्मी वाकून पाहू लागली. मघाशी तळाचे गोटे दिसत होते, आता दिसेनात. पाण्यावरून वाळका पाचोळा वाहत आला, मागोमाग एक हिरवी फांदी.

आणि वरच्या बंधाऱ्याचा सायरन वाजला.

सगळ्यांच्या माना वर झाल्या, ते दिगंबरांनी पाहिलं. काहीतरी वाजत होतं, एवढं कळलं. काय, ते विचारायला जीभ उचलेना. विचारलं असतं तर तिथल्या तिथे सगळं उघडं पडलं असतं.

ललित त्यांच्याकडे वळला. "बाबा, कारखान्याचा भोंगा आहे का हा?"

ओठांवरचा 'भोंगा' त्यांनी बरोबर टिपला. कारखान्याच्या कॉलनीत सगळं त्या भोंग्यावर चाले. भात लावणं, मुलांना उठवणं, सुनांचं माहेरी निघणंसुद्धा. ललित लग्नानंतर बुऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्याला राहायला गेला, त्याला आता पाळ्यांच्या वेळा आठवत नसत. पण भोंग्याच्या बाबतीत बाबांचा शब्द शेवटचा, हे घरात ठरलेलं होतं.

"हो, भोंगाच. पाळी सुटली," दिगंबर म्हणाले. अगदी सहज.

"मग ठीक आहे," म्हणून ललित पुन्हा पाण्याकडे पाहू लागला.

दगडावर बसलेल्या मथुराबाईंनीही मान वर केली होती. त्यांनी नवऱ्याकडे पाहून हातानंच विचारलं, काय हो? दिगंबरांनी हात हलवला. काही नाही, चालू दे. त्या हसल्या आणि मांडीवर खण उलगडू लागल्या. त्यांनी तरी कसा विश्वास ठेवला? पण बायका ठेवतात, संसार त्यावरच चालतो.

पाणी वळणावरून आलं ते गढूळ, कमरेएवढं उंच. ललितनं रश्मीला दंडाला धरून वर ओढलं आणि तसाच पाण्याकडे धावला. चारुलता किंचाळत होती. दिगंबरांना तिचं तोंड तेवढं उघडलेलं दिसलं. काळा दगड होता तिथे आता दगड नव्हता.

मथुराबाई सापडल्या खाली तापीच्या संगमाशी, बाभळीच्या काट्यांत अडकलेल्या. गावातल्या पोरांनी खाटेवर घालून त्यांना वर आणलं. दिवस मावळायला आला होता. हवालदार पंचनामा करायला आला, लोक भोवती जमले.

"सायरन तर खूप वेळ वाजून राहिला होता," हवालदार म्हणाला. "तुम्ही लोकांनी ऐकला नाही?"

ललितनं बापाकडे पाहिलं. त्या एका क्षणात त्याला सगळं कळलं असावं.

"नाही साहेब," तो म्हणाला. "पाण्याचा आवाज होता. आम्हाला कुणालाच ऐकू नाही आला."

दिगंबरांनी ते वाचलं. मुलगा भर गर्दीत आपल्यासाठी खोटं बोलला. ते पुढे आले, आणि गरजेपेक्षा फार मोठ्या आवाजात म्हणाले,

"ह्या सगळ्यांना आला होता, साहेब. मला नाही आला. मीच भोंगा म्हणून सांगितलं."

हवालदारानं खाली मान घालून काहीतरी विचारलं. त्याचे ओठ मिशांआड गेले.

दिगंबरांनी चारचौघांत कानामागे हात धरला आणि त्याच्याकडे झुकले.