पिवळा बाण, दोन ओळी खाली

लाकडी बैलाला चार चाकं लागतात. घरात तीनच सापडली होती.

चिंच फोडताना चिंचोका उडतो तो नेमका कूलरखाली जातो.

नमुना क्रमांक २२१७.

रोज सकाळी प्रीतम लॅपटॉपवर एक पिवळा बाण माउसनं धरायचा आणि दोन ओळी खाली नेऊन सोडायचा. चहा ठेवताना मी एकदा विचारलं, "हे काय करून राह्यले?" म्हणाला, "ट्रॅफिक हवालदार हाय मी. एक गाडी बाजूनं काढून देऊन राह्यलो."

फॉर्मवर मोबाइल नंबर विचारला की तो माझा द्यायचा. गॅसच्या फॉर्मवर, शाळेच्या, सगळीकडे. स्वतःचा त्याला पाठच नव्हता.

"करू ना उद्या." कशालाही हेच म्हणायचा.

आता सरळ सांगते. प्रीतम माझा नवरा. जानेवारीत गेला. बालाघाटातल्या एका लॅबसाठी त्यानं छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. रक्ताचा, गाठीचा, कसलाही रिपोर्ट आला की पेशंटच्या मोबाइलवर मेसेज जायचा. तो लॅबमध्ये नीट बसवून द्यायचा राहूनच गेला. आमच्या घरच्या लॅपटॉपवरच चालायचा, जिथे लिहिला त्याच खिडकीतून, डिबगर लावून. डिबगर म्हणजे चालत्या प्रोग्रॅमला हवं तिथे थांबवून आत डोकावायची सोय. कुठे थांबलाय ते पिवळा बाण दाखवतो, आणि तो खाली ओढला की मधल्या ओळी गाळल्या जातात.

तीन महिने सगळं बंद होतं. मग लॅबवाल्यांचा फोन आला. अंजूताई, तुम्हाला येतं ना थोडंफार? लग्नाआधी मी प्रीतमच्याच कॉम्प्युटर क्लासात शिकवत होते. थोडंफार येतं.

एप्रिल. रविवारची दुपार. चालू केलं.

थांबलं.

डिबगरनं थांबवावं म्हणून ओळीशेजारी लाल ठिपका लावतात. मी होते नव्हते ते सगळे ठिपके पुसले. तरी पहिल्याच रिपोर्टला थांबलं. पिवळा बाण एका साध्या ओळीवर उभा. ओळ एवढीच, की पुढचा नमुना घे.

गोंदियाला मोहितला फोन लावला. प्रीतमचा कॉलेजचा मित्र.

"वहिनी, पहले बंद करके चालू करो."

"तीनदा केलं."

"चौथ्यांदा करा. आमचं सारं शिक्षण त्याच्यावरच उभं हाय."

हसले मी. बऱ्याच दिवसांनी.

"पन ऐका," तो म्हणाला, "थांबला की पुढे नका ढकलू हां. मेसेज खऱ्या पेशंटले जातात. लाल चौकोन दाबून बंदच करा."

जुनी फाइल साफ करून प्रोग्रॅम नव्यानं बांधला. थांबलं. सेटिंग मुळावर आणली. थांबलं. डिबगरच काढून पुन्हा टाकला, त्यात पाऊण तास गेला. थांबलं. तिथेच.

"पगला गया है तुमचा डिबगर," मोहित म्हणाला.

पलीकडे कूलरसमोर गोदाबाई चिंच फोडत होत्या. माझ्या सासूबाई. प्रीतम आजारी पडला तेव्हा त्या तिरोडीला होत्या. तो गेल्यापासून इथे आहेत. दिवसातून एकदा त्या तो प्रश्न विचारतात. आज दुपारीच विचारला.

"मी तिरोडीत होती. तू तं जवळ होती ना वं? एका ताटात जेवाचे तुमी. तुले काहून नाई दिसलं? दोन महिने आदी नेलं असतं तं..."

"आई, त्यालेच नव्हतं माहीत."

दर वेळी हेच सांगते. त्याला भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कळलं आणि त्यानं त्याच संध्याकाळी मला सांगितलं. मी आंधळी नव्हते, बघण्यासारखं काही नव्हतंच. या एका वाक्यावर मी उभी आहे. सकाळी उठते, लेकीची, खुशीची वेणी घालते, ते या वाक्यावर.

भाऊबीज. मग नागपूर. मग जानेवारी.

इथून बाण मीच ओढते. दोन ओळी खाली. एप्रिल.

खिडकीच्या तळाशी आडवी पट्टी असते, डावी-उजवीकडे सरकवायची. ती नखाएवढी बारीक झाली होती. ओळी सगळ्या आखूड, मग पट्टी एवढी बारीक कशी? कुठली तरी एक ओळ खूप लांब असली पाहिजे.

"मोहितभाऊ, थांबा जरा. मी उजवीकडे जाते."

पांढरं. पांढरं. दोन-तीनशे मोकळ्या जागा सोडून, पडद्याच्या पार बाहेर, त्याच ओळीच्या शेपटीला हुकूम लिहिला होता की नमुना २२१७ आला तर थांब. ठिपका नव्हताच. थांबणं प्रोग्रॅमच्या पोटातच होतं. आणि त्यापुढे प्रोग्रॅम वाचत नाही अशी हिरवी टीप, इंग्रजी अक्षरांत.

उद्या सांगीन.

"सापडलं," मी म्हटलं. "डिबगर बरोबर आहे. त्याला कोणीतरी थांबायला सांगितलंय. २२१७ आला की."

"कोन हाय हा २२१७?"

"इथे नुसता नंबर आहे."

"प्रीतमनं टेस्टिंगसाठी ठेवला असन, अन् काढाचा विसरला असन. टाका काढून. आता दाबा पुढे. एकच तं जाईन."

दाबलं.

फोन माझ्या कानाशीच होता. तो कानावर थरथरला.

"गेला का, वहिनी? कोनाले गेला?"

"गेला," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. मग वाचला.

श्री प्रीतम, आपके नमूना क्र. २२१७ की जाँच रिपोर्ट तैयार है। दिनांक ३ सितंबर।

तीन सप्टेंबर. तान्हा पोळा, पोरांनी लाकडी बैल सजवून मिरवायचा दिवस. बैलाला चौथं चाक मिळेना म्हणून त्या दिवशी त्यानं बाटलीच्या झाकणाला भोक पाडलं. खुशी शेजारी बसून "पापा, जल्दी" करत होती. माझ्याकडे सुई गरम करायला मागितली. मी दिली. तोंडाकडे नाही पाहिलं, सुई पाहिली.

तिथून भाऊबीजेपर्यंत रोज सकाळी त्यानं हा प्रोग्रॅम चालू केला असणार, माझ्या नंबरावर निघालेला हा मेसेज त्यानं थांबवला असणार, आणि पिवळा बाण दोन ओळी खाली नेऊन बाकीच्यांचे सोडले असणार. मी चहा ठेवत होते. मी विचारलंसुद्धा.

दोन महिने. उद्या, उद्या, उद्या.

"कोनाचा मेसेज हाय वं?" गोदाबाईंनी विचारलं.

सांगितलं असतं तर त्यांचा प्रश्न त्याच क्षणी संपला असता. दुपारचा, उद्याचा, पुढच्या सगळ्या दिवसांचा. माझ्याकडून उठून तो त्यांच्या पोराकडे गेला असता, आणि पोरगा उत्तर द्यायला नाही.

"कंपनीचा हाय, आई."

"त्यायले काई काम नाई का धंदा. प्रीतम असता तं बंद करून देल्ला असता."

"हौ."

चिंचोका उडाला, कूलरखाली गेला. त्यांनी वाकून पाहिलं, हात पोचेना.

"तोंड काहून उतरलं तुयं? काय झालं?"

मी माउस धरला होता. पडद्यावर प्रोग्रॅम अडून न राहता चालला होता. एकेक नमुना पुढे, एकेक मेसेज बाहेर.

"उद्या सांगीन, आई."

तान्ह्या पोळ्यात खुशीच्या बैलाचा दुसरा नंबर आला होता.