डावा पीळ

ताईने मुठीतले काचेचे मणी कामाच्या टेबलावर ओतले. त्यातले दोन घरंगळत बर्नरपर्यंत गेले. धाकटी बहीण दारातच थांबली.

"प्रदर्शनात तुझ्या नावाच्या पाटीखाली होते हे. कुणाचे आहेत?"

"माझे."

"पीळ बघ त्यांचा."

प्रत्येक मण्यावरची पांढरी रेघ डावीकडे वळत गेली होती. ताई डावखुरी, बाजारात असा उलटा पीळ तिच्या एकटीचा. तीस वर्षं बोटं भाजून कमावलेली तेवढीच तिची सही. धाकटी उजव्या हाताची, आणि ताईने बाद केलेल्या मण्यांचा डबा कायम तिच्या हाताशी. घरातच चोर असल्यावर कुलूप तरी कुठे लावायचं? संतापाने ताईचे कान तापले होते.

"मी डब्याला हात लावलेला नाही, ताई."

"असं? मग बस इथे. बनवून दाखव."

धाकटीने बाह्या सारल्या, बर्नर पेटवला, मातीचा लेप दिलेली सळई उचलली. आता हिचं पितळ उघडं पडणार, म्हणून ताई हाताची घडी घालून उभी राहिली.

धाकटीने काचेची निळी कांडी डाव्या हातात घेतली.

काच मऊ होताच तिने ती सळईवर गुंडाळली, मग पांढऱ्या कांडीचं टोक टेकवून रेघ फिरवली. डावीकडे. तिच्या डाव्या मनगटावर जुन्या चटक्यांचे डाग होते. ही उन्हाळ्यातही लांब बाह्या का घालते, असं ताईने कधी विचारलं नव्हतं.

"डाव्या हाताने कुठे शिकलीस?"

"तुझं बघून. तीनदा म्हटलं शिकव, तर म्हणालीस, तुझ्याच्याने व्हायचं नाही. मग तू बाहेर गेलीस की बसायचे."

सिलिंडर लवकर संपतो म्हणून ताईने गॅसवाल्याला चारचौघांत चोर ठरवलं होतं. बिचारा हात जोडून गेला होता. ताईचा राग काही उतरला नाही. तो काढायचा कुणावर, एवढंच तिला कळेना.

"झालं समाधान?" म्हणत धाकटीने मण्यासकट सळई टेबलावर आपटली. उघड्यावर काच भराभर निवते आणि तडकते. ताईने झडप घालून सळई उचलली, मणी सावकाश निववायला सकाळपासून तापवून ठेवलेल्या भट्टीत सरकवली आणि दार लावलं.

"अक्कल आहे का? उद्यापर्यंत हे दार उघडायचं नाही," ती खेकसली. "आणि कांडी इतकी आखूड धरू नकोस. मनगट भाजतं."