हात लावून बघ

कोटाच्या बटणाच्या मागच्या बाजूला चिंचोक्याएवढा खळगा पडला होता. आत्याने नेमकी तीच बाजू वर ठेवून बटण चिकटवलं होतं.

"आत्या, हे उलटं लागलंय."

"असू दे."

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. कुठेही नेता यावा म्हणून तिने त्याला पट्ट्याची मूठ लावली होती. आत आजोबांच्या कोटाचं हे बटण, आजीच्या चष्म्याची काडी, माझ्या शाळेच्या फ्रॉकचा चुणीदार तुकडा. रंगांचा एकमेकांशी काही मेळ नव्हता. दोऱ्याची छटा जुळल्याशिवाय सुई न ओवणारी आत्या ही!

बाबा पेपराआडून म्हणाले, "ताईला म्हातारपणी खेळणी सुचलीत. त्यापेक्षा शिलाई मशीनचं काय ते सांग म्हणावं. शेजारची पोर कधीची मागतेय."

"तू पेपर वाच. वाचता येतोय तोवर."

बाबांनी पान उलटलं. आत्याची नजर हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. परवा मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली. तरी मशीनचा विषय निघाला की ती उठून जायची.

"हात लावून बघ," ती मला म्हणाली.

चाखून बघ, ऐकून बघ, विचारून बघ. बोलताना आपण सगळं बघतच असतो. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारी मी सवयीने डब्यावर वाकले.

"डोळे मीट गं बाई!"

मिटले. तिने माझा अंगठा बटणावर ठेवला. तो खळग्यात अलगद बसला. विचारात असले की आजोबा बटणामागे अंगठा घालून चोळत राहायचे. तिथून काडीचं थंड वळण लागलं. ते संपलं तिथेच चुण्या सुरू झाल्या. बोट कुठे उचलावंच लागेना. 

"हे केलंस कसं?"

"डोळे मिटूनच. सवय नको का करायला?"

शेवटच्या कोपऱ्यात बोट घसरलं. गुळगुळीत, मोकळा पत्रा.

"इथे काहीच नाही, आत्या."

"ती सुईची जागा."  मग पेपराच्या दिशेने तोंड वळवून म्हणाली, "ऐकलंस का रे? त्या पोरीला बोलाव. सुई तेवढी मी काढून घेते, मशीन घेऊन जा म्हणावं."