पास नाही, मेणबत्ती आणावी

दर गुरुवारी संध्याकाळी प्रिस्का फोनवर एक संदेश टाकायची आणि विरारपासून नायगावपर्यंतची बरीच माणसं त्याची वाट बघायची. या आठवड्यात कुठे फुकट गाणं-वाजवणं ऐकायला मिळेल, एवढंच त्यात असे. आगाशीच्या देवळातलं भजन. चर्चच्या गायनमंडळाची तालीम, दार उघडं असतं, मागच्या बाकावर बसावं. एका वाडीत क्लॅरिनेटचा सराव करणारे एक काका, कुंपणाबाहेरून ऐकावं, टाळ्या वाजवू नयेत, ते लाजतात.

प्रिस्का कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. स्वतः जाऊन ऐकल्याशिवाय ती काही टाकत नसे. ‘प्रवेश मोफत’ अशी पाटी वाचून आत जावं आणि सरबत घेतल्याशिवाय खुर्ची मिळू नये, असा अनुभव तिने घेतला होता. तेव्हापासून तिचा नियम पक्का होता. पास नसावा, दारात अडवणारा नसावा आणि वाजवणारं माणूस समोर असावं.

“तुम्ही आम्हा फुकट्यांची देवी आहात,” मीरा म्हणायची. मीरा विरारला चौदाव्या मजल्यावर राहायची, बँकेत नोकरी करायची आणि प्रिस्काने टाकलेलं एकही ठिकाण सोडायची नाही.

“देवी नको,” प्रिस्का म्हणे. “देवीला नैवेद्य लागतो. मग ते फुकट कुठे राहिलं?”

वर्षभरातलं सगळ्यात मोठं फुकट मात्र तिच्या स्वतःच्या गावचं, भुईगावचं. मे महिन्यात गावच्या क्रूसाचा सण असे. प्रार्थना झाली की उकडलेले चणे वाटायचे आणि मग गावचा बँड क्रूसापुढे अंधार पडेपर्यंत वाजवायचा. कुणी यावं, कुठूनही यावं, ओट्यावर बसावं. बँडमास्तर होता लुईस, प्रिस्काचा थोरला भाऊ.

त्या वर्षी सणाच्या आधी लुईस तिच्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. बसला नाही, तेव्हाच तिला कळलं की काहीतरी बिनसलंय.

“यंदा सणाचं वाजवणं तुझ्या ग्रुपवर टाकू नकोस.”

“का?”

“नाहीये. त्या संध्याकाळी आपण रिसॉर्टवर वाजवणार आहोत, समुद्राकाठी. संकेत म्हणून एक पोरगा आहे नालासोपाऱ्याचा, कार्यक्रम भरवतो. पास लावलेत. त्याची अट आहे, त्या दिवशी दुसरीकडे कार्यक्रम करायचा नाही.”

“आणि क्रूस?”

“क्रूसापुढे प्रार्थना होईल की. वाजवायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय?”

प्रिस्काने गॅस बंद केला. “दादा, क्रूसाजवळचं वाजवणं तू विकलंस.”

“मग काय करू? फ्लॉईडच्या ट्रम्पेटला तीन ठिकाणी डाग दिलेत. पोरांचे कोट काखेत उसवलेत. तुझ्या टाळ्यांनी कोट शिवून होतात का?”

“पैसे घे ना. लग्नात घेतोस, बारशात घेतोस, कुणी काही म्हटलं का? वर्षातल्या बाकी सगळ्या संध्याकाळी विक. ही तुझी नव्हे. ही गावाची आहे.”

“शब्द दिलाय मी,” लुईस म्हणाला आणि निघून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

दोन दिवसांनी संकेत स्वतःच तिच्याकडे आला. चांगला मुलगा होता, बूट बाहेर काढून आला. तिच्या ग्रुपची कीर्ती त्याच्या कानावर गेली होती.

“मॅडम, आपला कार्यक्रम टाका ना तुमच्या ग्रुपवर. तुमच्या लोकांना पासात सूट देतो.”

“माझ्या ग्रुपवर पासवालं काही टाकत नाही मी.”

“अहो, पण हे बघा तरी.” त्याने फोनवर जाहिरात दाखवली. ‘क्रूसापासून समुद्रापर्यंत, गावच्या रीतीने वाजतगाजत येणारा बँड!’ खाली बँडचा फोटो, त्यात लुईसचा उसवलेला कोट नेमका झाकलेला. “बँड गाडीतून नाही आणायचा. क्रूसापासून चालत, वाजवत येणार. वरून ड्रोनने शूटिंग. एकही रीत चुकवायची नाही, असं अंकलना बजावून सांगितलंय. लोक त्याचेच तर पैसे देतात, मॅडम.”

“एकही रीत नाही?” प्रिस्काने विचारलं.

“एकही नाही.”

“आमच्या रीती काय आहेत, ते विचारलंत का त्यांना?”

“ते काय, अंकलना माहीत असणारच ना!”

“त्यांना माहीत आहेत,” प्रिस्का म्हणाली. “तुम्ही एकदा विचारून घ्या.”

संकेत हसला, सरबत प्यायला आणि काही न विचारता गेला.

भुईगावात एक जुनी रीत होती. बँड रस्त्याने वाजवत निघाला आणि कुणाच्या दारात पेटती मेणबत्ती घेऊन माणूस उभं दिसलं, तर तिथे थांबायचं आणि त्या घरासाठी एक चाल पूर्ण वाजवायची. मेणबत्ती ओलांडून बँड पुढे गेला, असं आजवर झालं नव्हतं. लग्नाच्या वरातीत नवरदेवाकडची माणसं घाईला यायची, म्हणून अलीकडे लोकच समजून घरात बसायचे. पण रीत मोडली नव्हती. नुसती पडून होती.

गुरुवारी प्रिस्काने संदेश टाकला. ‘शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, भुईगावच्या क्रूसापासून रिसॉर्टच्या फाटकापर्यंतचा रस्ता. बँड. पास नाही, मेणबत्ती आणावी. वारा असतो, तेव्हा काचेची बरणी सोबत हवी. पेटती मेणबत्ती घेऊन दारात उभं राहिलं की बँड थांबून वाजवतो.’

मीराचा लगेच फोन आला. “पण ताई, आमचं तिथे दार कुठे आहे? आम्ही कुणाच्या दारात उभं राहायचं?”

हा प्रश्न खरा होता. प्रिस्का तो घेऊन क्लारा आजीकडे गेली. रीतभातीचं काही अडलं की गाव तिलाच विचारायचं. आजी अंगणात चिंचा फोडत बसली होती.

“दारात कोण उभं राहील, ते घरवाल्याने ठरवायचं,” आजी म्हणाली. “माझ्या दारात मी बोलावीन तो उभा राहील. मग तो विरारचा असो की रोमचा. बरण्या पुरतील का गं? माझ्याकडे लोणच्याच्या आहेत.”

आजीने शेजारी सांगितलं, शेजाऱ्यांनी पुढच्या घरी सांगितलं. कुणाला वळवायला जायची प्रिस्काला गरजच पडली नाही. सण आपला विकला गेला, हे गावाला आधीच झोंबलं होतं. फक्त कुणी बोललं नव्हतं.

शनिवारी प्रार्थना झाली, चणे वाटले गेले. बँड निघाला. पहिल्या वळणावर डिमेलोंच्या दारात मेणबत्ती होती. लुईसने मान डोलावली, चाल वाजवली, पुढे निघाला. पुढच्या दारात मेणबत्ती. त्याच्या समोरच्याही दारात. मग वळण संपलं आणि सरळ रस्ता दिसला. दोन्ही बाजूंना, केळीच्या कुंपणांपाशी, फाटकांपाशी, विहिरीजवळच्या पायरीवर, काचेच्या बरण्यांत ज्योती जळत होत्या. गावची माणसं होती आणि त्यांच्याशेजारी विरारची, नालासोपाऱ्याची, दुपारच्या बसने आलेली माणसं होती. क्लारा आजीच्या फाटकात आजी खुर्चीवर बसली होती आणि मीरा बरणी छातीशी धरून उभी होती.

फ्लॉईडने ट्रम्पेट खाली घेतला. “मास्तर, आज काही आपण समुद्राला लागत नाही.”

लुईसने प्रिस्काकडे बघितलं. ती रस्त्याच्या कडेने बँडबरोबर चालत होती.

“हे तू केलंस.”

“मी फक्त वेळ आणि ठिकाण टाकलं,” ती म्हणाली. “ओलांडून जायचं तर जा. कुणी हात धरणार नाही.”

तेवढ्यात संकेत स्कूटरवरून आला. घामाघूम झाला होता. “अंकल, चला ना! लोक येऊन बसलेत. हे काय चाललंय?”

लुईस रस्त्याकडे वळला. समोर क्लारा आजी होती. तिच्या लग्नात लुईसच्या आजोबांनी वाजवलं होतं, आणि ती हे दर सणाला सगळ्यांना सांगायची. आज सांगत नव्हती. नुसती बघत होती.

“रीत चाललीय,” लुईस म्हणाला. “एकही चुकवायची नाही, असं तूच म्हणाला होतास ना? फ्लॉईड, आजींची चाल घे. हळू. पोरांनो, पूर्ण वाजवायची, कापायची नाही.”

आणि त्याने सॅक्सोफोन ओठांना लावला.

दर दारात एक चाल. मीराला तिची आवडती वाजवून मिळाली, मग तिच्या शेजारच्या अनोळखी गृहस्थालाही. ड्रोन वर घिरट्या घालून बॅटरी संपल्यावर उतरला. रिसॉर्टमध्ये बसलेली माणसं आवाज ऐकून आधी भिंतीपाशी आली, मग फाटकाबाहेर आली आणि शेवटी पास खिशात घालून रस्त्यावर येऊन उभी राहिली. संकेतने दोनदा त्यांना आत बोलावलं. मग तोही कुंपणाला टेकला.

रिसॉर्टच्या फाटकात प्रिस्का बरणी घेऊन उभी होती.

“हे काही कुणाचं घर नाही,” लुईस म्हणाला. दमला होता, पण चेहरा उजळला होता.

“दार आहे ना?”

शेवटची चाल फाटकात, रस्त्याकडे तोंड करून वाजली. मग बँड आत गेला आणि ठरलेला कार्यक्रमही केला. पासवाल्यांचं काही बुडवायचं नाही, हा लुईसचा हट्ट. फाटक मात्र कुणी लावून घेतलं नाही. रस्त्यावरची माणसं वाळूवर बसली. जाताना लुईस संकेतला म्हणाला, “पुढच्या वर्षीही बोलाव. येऊ. पण हा दिवस सोडून.”

रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपून लुईस प्रिस्काकडे आला. या वेळी बसला. चहा घेतला, बशीत ओतून.

“पुढच्या वर्षीच्या सणाचं तुझ्या ग्रुपवर आत्ताच टाक,” तो म्हणाला.

“वर्षभर आधी? लोक हसतील.”

“हसू देत. मला कुणी येऊन विचारलं तर माझ्याच तोंडून हो जातं. तू टाकलंस की मला नाही म्हणता येईल.”

प्रिस्काने फोन घेतला. ‘पुढच्या मे महिन्यात, भुईगाव, क्रूसापुढे,’ असं तिने लिहिलं. क्षणभर थांबून पुढे लिहिलं, ‘पास नाही. कधीच नसेल.’

लुईसने वाकून वाचलं. “मेणबत्ती?”

“ती ठेवते,” प्रिस्का म्हणाली. “असलेली बरी.”